बांजाचं रान जातींच्या यादीत मावत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या नाशिकच्या निसर्गमंडळाने उत्तराखंडातल्या कुमाऊं भागातलं बिनसर अभयारण्य पाहिलं. बांज, म्हणजे हिमालयातला ओक, आणि लाल फुलांचा बुरांश यांचं जंगल सगळ्यांना आवडलं, पण परतल्यावर वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं असं की सह्याद्रीतल्या किंवा केरळातल्या सदाहरित रानापुढे हे जंगल जातींच्या हिशेबात फारच गरीब, मग त्याच्या रक्षणाचा एवढा आग्रह कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, चीड, म्हणजे तिथला पाइन, हेही झाडच आहे, ते भराभर वाढतं, मग उघड्या डोंगरांवर सरसकट चीडच का लावू नये? आणि तिसरी गोष्ट व्यवहाराची: मंडळाने तिकडच्या वृक्षारोपणासाठी काही रक्कम बाजूला काढली आहे, ती द्यावी की नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. कुमाऊंच्या डोंगरांत माती आणि झाडोरा मोजण्याचं काम बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या जंगलांची थोडीफार ओळख आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: रक्कम जरूर द्या, पण रोपांसाठी देऊ नका. असं का म्हणते ते समजण्यासाठी पहिल्या दोन प्रश्नांतून जावं लागेल.

मंडळातला खरा वाद जंगल कशाने मोजायचं याचा आहे. जातींची संख्या ही एक मोजपट्टी झाली, आणि तिच्यावर समशीतोष्ण जंगल हरणारच. पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर संशोधनासाठी आखलेल्या ५० हेक्टरांच्या तुकड्यात झाडांच्या सुमारे तीनशे जाती आहेत. बिनसरच्या रानात सकाळपासून दुपारपर्यंत चाललात तरी बांज, बुरांश, काफल, अयार, मोरू अशी तीच नावं पुन्हा पुन्हा येतात. पण यादी लांब असणं हा त्या भूभागाच्या हवामानाचा आणि उत्क्रांतीचा इतिहास आहे. जंगल रोज काय काम करतं ते यादीतून कळत नाही. आणि काम थोड्याच जातींवर असतं तेव्हा त्यातली एक गेली तर होणारं नुकसान फार मोठं असतं.

याचं सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतलं आहे. पूर्व अमेरिकेच्या डोंगरांत चेस्टनट हे तिथल्या जंगलाचं एक मुख्य झाड होतं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर बाहेरून आलेल्या एका बुरशीचा रोग दिसला. पुढच्या साधारण पन्नास वर्षांत तीन ते चार अब्ज झाडं गेली. जंगल उभं राहिलं, ओकसारख्या दुसऱ्या झाडांनी जागा भरली, पण अस्वलांपासून खारींपर्यंत सगळ्यांना दरवर्षी भरवशाने मिळणारं फळ नाहीसं झालं. शेकडो जातींच्या रानात एका झाडाच्या जाण्याने एवढं मोठं भगदाड सहसा पडत नाही. म्हणून ‘जाती कमी, म्हणून महत्त्व कमी’ हा तर्क मला उलटा वाटतो. कुमाऊंतली गावं, गुरं, झरे आणि शेतं एका बांजावर किती टेकलेली आहेत हे पाहिलं की त्याची काळजी जास्तच वाटते.

आता जमिनीकडे येऊ, कारण समशीतोष्ण जंगलाची खरी संपत्ती पायाखाली असते.

दमट उष्ण प्रदेशात गळलेलं पान फार काळ टिकत नाही. वाळवी, बुरशी आणि जिवाणू ते भराभर संपवतात. सुटलेली पोषकद्रव्यं मुळं लगेच ओढून घेतात आणि जी उरतात ती पावसाबरोबर खाली जातात. तिथली पुंजी मुख्यतः उभ्या झाडांत असते. समशीतोष्ण प्रदेशात थंडी हे कुजणं कित्येक महिने मंदावते, त्यामुळे पाचोळ्याचे आणि काळ्या मातीचे थर साठत जातात. जगातल्या जंगलांत कर्ब कुठे किती आहे याचा एक मोठा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधातल्या वनांचा ५६ टक्के कर्ब सजीव झाडोऱ्यात आणि ३२ टक्के मातीत निघाला. उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी पट्ट्यात हेच प्रमाण २० आणि ६० टक्के होतं. समशीतोष्ण वनं या दोहोंच्या मधे बसतात. म्हणजे असं जंगल तोडलं आणि वरची माती उघडी पडून धुपली, तर लाकडाच्या हिशेबात न दिसणारा फार मोठा साठा जातो, आणि तो भरून यायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात.

म्हणून कुठल्याही बांजाच्या रानात शिरल्यावर मी झाडांकडे नंतर बघते. आधी खाली बसून पाचोळा बाजूला करते. वर यंदाची कोरडी पानं असतात. त्याखाली तपकिरी, अर्धवट कुजलेले तुकडे आणि त्यांतून गेलेले बुरशीचे पांढरे धागे. त्याहीखाली काळी, भुसभुशीत, पावसाळा सरून महिने झाले तरी दमट लागणारी माती. चांगल्या रानात बोटं सहज आत जातात. ओरबाडलेल्या रानात दोन पानं उचलली की कडक पिवळी जमीन लागते. मग मी रोपं शोधते: घोट्याएवढी, गुडघ्याएवढी आणि माझ्या उंचीची, अशा तिन्ही वयांची बांजाची रोपं आहेत का? वर कितीही हिरवं दिसत असलं तरी खाली ही तिन्ही वयं नसतील तर ते जंगल म्हातारं होत चाललं आहे आणि त्याच्यामागे कुणी नाही.

बुरशीचे ते पांढरे धागे नीट बघण्यासारखे असतात. बांज, चीड, देवदार, युरोपातले ओक आणि बीच या झाडांच्या बारीक मुळांभोवती विशिष्ट बुरशींचं आवरण असतं. झाड त्यांना साखर देतं, त्या झाडाला पाणी, नत्र आणि स्फुरद मिळवून देतात. रोपवाटिकेत निर्जीव मातीत वाढवलेलं बांजाचं रोप उघड्या उतारावर लावलं की ते वर्षानुवर्षं तेवढंच राहतं किंवा मरतं, याचं एक कारण हे तुटलेलं नातं आहे. जाणकार माळी पिशवीच्या मातीत जुन्या बांजाखालची मूठभर माती मिसळतात, ती याचसाठी.

बांजाचं वेळापत्रक मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते. हे झाड बारमाही हिरवं दिसतं, पण त्याचं पान जेमतेम वर्षभर जगतं. फाल्गुन-चैत्रात जुनी पानं गळू लागतात आणि त्याच सुमारास नवी फुटतात. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातल्या नत्राचा काही भाग परत आत ओढून घेतं. नवी पालवी वाढते ती नेमकी वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत. ते जमतं, कारण मुळं खोल गेलेली असतात आणि माती ओल धरून असते. गळलेला पाचोळा मधले दोन-अडीच महिने जमिनीवर ओल्या गोणपाटासारखा पसरून राहतो, माती तापू देत नाही. जूनअखेर पाऊस आला की कुजणं एकदम वेग घेतं आणि त्यातून सुटणारं अन्न, मुळं जोमाने वाढत असताना, त्यांच्या तोंडाशी येतं. वाया फार थोडं जातं. हिमालयातल्या या वनांचं कामकाज असं ऋतूंना बांधलेलं आहे हे नैनितालच्या कुमाऊं विद्यापीठातल्या जे. एस. सिंह आणि एस. पी. सिंह यांच्या गटाने चिकाटीच्या मोजमापांतून दाखवलं. आम्ही आज जे करतो त्याचा पाया त्यांनी घातलेला आहे.

याच वेळापत्रकात धोकाही आहे. अजून वर, साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे, खरसू नावाचा बांजाचा भाऊबंद वाढतो. त्याचं बी ऐन पावसाळ्यात पिकतं आणि फार थोडे दिवस जिवंत राहतं. कधी कधी तर झाडावर असतानाच त्याला मोड येतो. बी पडण्याची आणि जमीन ओली असण्याची वेळ चुकली तर त्या वर्षीची पिढी गेली. हवामान बदलतं म्हणजे काय, हे मला आलेखांपेक्षा खरसूच्या बियांकडे पाहून जास्त कळतं.

आता चीड. तुमच्या मित्राचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण चीड हा परका नाही. तो हिमालयाचाच आहे. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वन-वर्गीकरणात चिडाचं जंगल समशीतोष्ण गटात नसून त्याखालच्या उपोष्ण गटात येतं. सूर्याकडे तोंड असलेले दक्षिणेचे कोरडे उतार, पातळ माती, ताजी दरड कोसळलेली जागा, अशा ठिकाणी तो आधी येतो आणि उभा राहतो. तिथे बांज लावण्याचा हट्ट धरला तर रोपं मरतात. त्याचं लाकूड आणि लीसा, म्हणजे राळ, यावर अनेक घरं चालली आहेत.

अडचण येते ती चीड बांजाच्या जागेत सरकतो तेव्हा. त्याच्या सुया, म्हणजे पिरूल, मुख्यतः एप्रिल ते जूनमध्ये गळतात. त्यांत नत्र फार कमी असतं, त्यामुळे त्या कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना लागणारं नत्र मातीतून उचलावं लागतं आणि झाडांना मिळू शकणारं नत्र तिथे अडकून पडतं. चीड कमी नत्रावर भागवतो, बांजाच्या रोपाला ते जमत नाही. बांजाच्या जागी चीड आला की नत्राचं चक्रच बदलतं हे १९८४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं. त्यात आगीची भर पडते. पिरुलाचा जाड, कोरडा, राळयुक्त थर नेमका वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांत जमिनीवर असतो. जाड सालीचा मोठा चीड आगीतून वाचतो, बांजाची रोपं जळतात, मातीतलं नत्र धुरावाटे जातं. प्रत्येक आगीनंतर सीमारेषा चिडाच्या बाजूने थोडी पुढे सरकते. २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तराखंडात चार हजार हेक्टरांहून अधिक जंगल जळलं. जून २०२४ मध्ये तुम्ही पाहिलेल्या त्याच बिनसरच्या आगीत वनकर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले. ही आग विझवायला हातात फांदी घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे अनेकदा धड बूटही नसतात. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

चिडाला एवढं झुकतं माप कसं मिळालं याला इतिहास आहे. इंग्रजी अमलात जंगलाकडे आधी रेल्वेचे स्लीपर आणि मग राळ म्हणून बघितलं गेलं. बांज वाकडातिकडा, त्याला बाजार नव्हता. गावांचे हक्क आवळले गेले तेव्हा १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी जंगलं पेटवली. इतिहासकार सांगतात की जळलं ते मुख्यतः सरकारी चिडाचं रान. रुंद पानांच्या जंगलाला लोकांनी हात लावला नव्हता. त्या असंतोषातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावानेच आपलं जंगल सांभाळण्याचे, नियम आले. ‘चिपको’ आंदोलनातली घोषणा तुम्ही ऐकली असेल: ‘क्या हैं जंगल के उपकार? मिट्टी, पानी और बयार.’ त्या बायकांनी माती पहिली ठेवली होती. २६ मार्च १९७४ ला रैणी गावात गौरा देवींबरोबर झाडांपुढे उभ्या राहिलेल्या स्त्रिया परिसंस्थेचं शास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण जंगल कशाने मोजायचं हे त्यांना नेमकं कळलेलं होतं.

पाण्याबद्दल मात्र मला सावधपणे बोललं पाहिजे, कारण या विषयात भाबडी विधानं फार होतात. ‘बांज लावा, झरा परत येईल’ असं तुम्हाला तिथे प्रत्येक जण सांगेल. यात तथ्य आहे. तिथला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. जाड पाचोळा आणि भुसभुशीत माती असेल तर तो जमिनीत मुरतो, आणि उघड्या किंवा तुडवलेल्या उतारावरून तो गढूळ होऊन गधेऱ्यात, म्हणजे ओढ्यात, धावतो. पण झाडं पाणी पितातही. घट्ट झालेल्या जमिनीवर दाट रोपवन केलं आणि माती सुधारण्याआधीच झाडं पाणी ओढू लागली तर उन्हाळ्यातला झरा काही काळ आणखी बारीक होऊ शकतो. त्यामुळे झाडांची संख्या आणि झऱ्याची धार यांचं सरळ गणित नाही. मधे माती आहे आणि तिच्याखाली खडक.

खडकाचा मुद्दा महाराष्ट्रातल्या माणसांनी विशेष लक्षात घ्यावा. आपल्याकडे बेसॉल्टचे थर बरेचसे आडवे आहेत, त्यामुळे डोंगरमाथ्यावर मुरलेलं पाणी त्याच डोंगराच्या कुशीत दोन थरांच्या सांध्यावर फुटतं, असं आपण गृहीत धरतो. कुमाऊंतले खडक मुडपलेले, कललेले, भेगाळलेले आहेत. तिथे झऱ्याचं पाणी कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून येतं. झऱ्याच्या डोक्यावर हौसेने हजार रोपं लावायची आणि खरं पाणी मुरतं त्या पलीकडच्या उतारावर गुरं आणि रस्त्याचा राडारोडा, असं मी अनेक गावांत पाहिलं आहे. इथे एक अभिमानाची गोष्ट सांगते. झऱ्यांचं भूजलशास्त्र हिमालयातल्या गावांपर्यंत नेण्यात पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. सिक्कीममध्ये २००८ पासून चाललेल्या ‘धारा विकास’ कार्यक्रमातही त्यांचं काम आहे. भारतीय हिमालयातल्या जवळजवळ निम्म्या झऱ्यांचं पाणी आटत चाललं आहे असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात नोंदलेलं आहे, तेव्हा या ज्ञानाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता जंगल आतून कसं पोकळ होतं ते सांगते, कारण तुमच्या रकमेचा संबंध याच्याशी आहे. उपग्रहाच्या चित्रात बांजाचं रान वर्षानुवर्षं हिरवं दिसतं. कुणी ते एकदम तोडत नाही. रोज थोड्या फांद्या चाऱ्यासाठी, थोड्या सरपणासाठी, थोडा पाचोळा गोठ्यात अंथरायला जातो. गोठ्यातला तो पाचोळा शेणात मिसळून शेतात खत होतो. म्हणजे डोंगरावरच्या शेतीची सुपीकता जंगलातून डोक्यावर वाहून आणलेली असते. ती वाहणाऱ्या बहुतेक बायकाच. पण फांद्या पुन्हा पुन्हा छाटल्या की झाड फळ धरत नाही, पाचोळा उचलला की माती उघडी पडते, उरलेलं रोप बकरी खाते. झाड खांबासारखं उभं राहतं, टोकाला पानांचा झुबका. एस. पी. सिंह यांनी १९९८ मध्ये या सततच्या बारीक ओरबाडण्याला ऱ्हासाचं एक मुख्य कारण म्हटलं होतं. कुऱ्हाडीने पडलेलं जंगल बातमीत येतं, हे येत नाही. आणि याचा दोष त्या बायकांना देणं अन्यायाचं आहे. त्यांना दुसरा चारा, दुसरं इंधन मिळालं तर पहाटे उठून चढण चढण्याची हौस कुणाला नसते.

तुमच्या वादात ‘जगाच्या दृष्टीने’ असा एक शब्दप्रयोग होता, म्हणून थोडं बाहेरचंही सांगते. अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीप्रमाणे जगातल्या वनक्षेत्रापैकी सुमारे १६ टक्के समशीतोष्ण पट्ट्यात आहे. वाटा लहान दिसतो, पण हेक्टरी कर्ब मोजला तर आजवर अभ्यासलेल्या सर्वांत दाट साठ्यांपैकी काही इथेच आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरीच्या जुन्या, न तोडलेल्या जंगलात हेक्टरी सरासरी १,८६७ टन कर्ब असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. थंड हवा, पुरेसा पाऊस, शतकानुशतकं जगणारी झाडं आणि सावकाश कुजणारं पडीक लाकूड यांचा तो परिणाम.

आणि असं जंगल काढून टाकलं तर काय होतं, याचा सर्वांत स्वच्छ प्रयोग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक इथे झाला. १९६५ च्या अखेरीस एका लहान पाणलोटातली सगळी झाडं पाडून लाकूड तिथेच ठेवलं आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. ओढ्याचं पाणी पहिल्या वर्षी सुमारे ३९ टक्क्यांनी वाढलं, आणि पाण्यातलं नायट्रेट चाळीस पटींहून अधिक. पाणी वाढलं याचा आनंद मानणाऱ्यांनी दुसरा आकडा जरूर बघावा. जंगलाने शेकडो वर्षांत जमवलेली सुपीकता त्या ओढ्यातून वाहून जात होती.

सह्याद्रीशी या जंगलांचं एक जिवंत नातंही आहे. हिवाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याला किंवा कर्नाळ्याला निळ्या डोक्याचा, नारिंगी पोटाचा एक देखणा कस्तुर दिसतो, इंग्रजीत ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश. तो उन्हाळ्यात हिमालयातल्या बांज-चिडाच्या उतारांवर घरटं करतो आणि थंडीत पश्चिम घाटात उतरतो. तुमच्या मंडळातल्या पक्षिनिरीक्षकांना हे सांगा. सह्याद्रीचं जंगल श्रेष्ठ की हिमालयाचं, या वादात तो पक्षी दोन्हीकडे घर करून आहे.

इथवरचं थोडक्यात जुळवते. समशीतोष्ण जंगलाचं मोल मुख्यतः त्याच्या मातीत, ऋतूंशी जुळलेल्या चक्रात आणि थोड्याच पण कणखर जातींवर असलेल्या भारात आहे. चीड त्याच्या जागी हवाच, बांजाच्या जागी नको. झऱ्याला माती लागते, नुसती झाडं पुरत नाहीत. आणि ऱ्हास बहुतेक वेळा हिरव्या छताखाली होतो.

म्हणून रकमेबद्दल. कुठला उतार, किती उंची, माती किती खोल, जवळ जिवंत बांज आहे की नाही, गावाकडे किती गुरं आहेत, यावर सगळं ठरतं. तुमची जागा न पाहता मी नेमका आराखडा देऊ शकत नाही. पण सर्वसाधारण क्रम सांगते. उत्तरेकडे तोंड असलेला, पंधराशे ते बावीसशे मीटरच्या आसपासचा उतार असेल, आणि ओरबाडलेले का होईनात पण बांजाचे जुने बुंधे जिवंत असतील, तर एकही रोप न लावता तो पाच-सात वर्षांत ओळखू न येण्याइतका सुधारतो. बांजाला बुंध्यापासून फुटण्याची चांगली शक्ती असते. त्याला हवी असते ती चराई आणि छाटणीपासून काही वर्षांची विश्रांती. ती विश्रांती तारेच्या कुंपणाने मिळत नाही. गावाने ठरवलं तरच मिळते. उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत, काही निद्रिस्त, काही उत्तम चालणाऱ्या. तुम्ही ज्या संस्थेला रक्कम देणार ती एखाद्या जाग्या वनपंचायतीबरोबर काम करते का, एवढं आधी विचारा.

त्या गावाला विश्रांती परवडावी म्हणून पैसा लागतो. शेताच्या बांधांवर भीमल आणि खडिक ही चाऱ्याची झाडं लावायला, चाऱ्याचं गवत वाढवायला, उन्हाळ्याआधी बांजाच्या कडेने पिरूल गोळा करून आगरेषा साफ करायला, आग राखणाऱ्यांच्या मजुरीला आणि बुटांना. रोप लावायचंच असेल तर जिथे बांजाचं मूळ शिल्लकच नाही तिथे, आणि शक्य तर थेट बी पेरून, कारण पहिली काही वर्षं हे झाड खाली मूळ सोडण्यातच घालवतं आणि पिशवीत ते मूळ वळून बसतं. दक्षिणेच्या कोरड्या उतारावर बांजाचा संकल्प सोडणाऱ्या संस्थेला नम्रपणे नकार द्या. ‘एका दिवसात दहा हजार झाडं’ म्हणणाऱ्यांनाही.

रक्कम एकदम देऊ नका, तीन-चार वर्षांत विभागून द्या. प्रत्येक हप्त्याआधी तीन गोष्टींची नोंद मागा. मे महिन्यात गावच्या नौल्यावर, म्हणजे झऱ्याच्या बांधीव कुंडावर, किंवा धारेवर बादली भरायला किती वेळ लागला, ठरवून दिलेल्या त्याच चौकोनात गुडघ्यापर्यंतची बांजाची रोपं किती, आणि त्या वर्षी आग कुठपर्यंत आली. या नोंदी गावातली शाळकरी मुलंही ठेवू शकतात, आणि ठेवतात. रोपांच्या फोटोंचा अहवाल आला आणि या तीन नोंदी आल्या नाहीत, तर पुढचा हप्ता थांबवून आधी फोन करा. कुठला उतार निवडला ते कळलं की त्याची उंची, दिशा आणि जवळच्या झऱ्याची माहिती मला पाठवा, मी नक्की बघेन.